भिंतीपलीकडचा मीका

"तो थांबलाय," अक्षता म्हणाली.

"दिसतंय मला," रुचिरा म्हणाली आणि तिने अंगठ्याचं नख दातांत धरलं.

काचेपलीकडच्या खोलीत गेमच्या टेस्टला बोलावलेला निहार नावाचा एक तरुण कानांवर मोठे हेडफोन लावून बसला होता. त्याच्या बाजूने काच आरशासारखी होती, त्यामुळे त्याला या दोघी दिसत नव्हत्या. त्याचा पडदा मात्र इथल्या टेबलावर जसाच्या तसा दिसत होता: काळोखा बोगदा, कोसळलेलं छत, आणि हेल्मेटच्या दिव्याचा एक थरथरता गोल. तो गोल भिंतीवर खिळून राहिला होता.

मरोळच्या एमआयडीसीत, एका औषध कंपनीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. गेली तीन-चार वर्षं तिथे एकच गेम बनत होता. दूरच्या एका ग्रहाच्या चंद्रावरची खाण, तिथे बिथरलेली यंत्रं, आणि हातात बंदूक घेऊन त्या खाणीत उतरलेला खेळाडू. यंत्रं बनवणारे वेगळे होते, बंदुका बनवणारे वेगळे. रुचिरा जागा बनवायची. कोणत्या वळणावर उजेड ठेवला की माणूस आपणहून तिकडे जातो, दार किती अरुंद केलं की त्याच्या पोटात गोळा येतो, शत्रू दिसण्याआधी त्याला लपायला खांब कुठे हवा, हे सगळं ठरवणं तिचं काम. घरी सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, "म्हंजे तू इमारती बांधतंस?" तर ती म्हणाली होती, "तसंच काहीतरी."

या कामात ती चांगली होती, कारण ती मुळात घाबरट होती. कुठल्याही हॉलमध्ये शिरली की पहिल्यांदा बाहेर पडायचं दार शोधायची. लिफ्टला जरा हिसका बसला तरी तिच्या तळव्यांना घाम फुटायचा. माणसाला भीती कुठून शिवते हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि हा बोगदा तिने बनवलेली सगळ्यात चांगली जागा होती, असं सगळे म्हणत. छत कोसळतं. खेळाडूचा जोडीदार मीका भिंतीपलीकडे अडकतो. तो दिसत नाही, हेल्मेटमधल्या रेडिओवर त्याचा आवाज तेवढा येत राहतो. "तू जा," असं तो म्हणतो. मग नुसता श्वास. खेळाडूची हवा संपत आलेली असते, त्यामुळे त्याला मीकाला सोडून पुढे सरपटावंच लागतं. थोडं पुढे गेल्यावर रेडिओवरचा श्वास थांबतो. आतापर्यंत जे जे टेस्टला आले ते तिथे क्षणभर घुटमळले आणि पुढे गेले. बाहेर येऊन म्हणाले, झकास आहे, वाट लावली आमची.

निहार पुढे जात नव्हता.

"वाट सापडली नाही का त्याला?" अक्षताने विचारलं. ती रुचिराच्या हाताखाली वर्षभरापूर्वी आली होती. "उजवीकडचा दिवा अजून वाढवायला पाहिजे होता."

निहार बंदुकीच्या दस्त्याने भिंतीवर मारत होता. मारायचा, थोडं बाजूला सरकायचा, परत मारायचा. भिंतीचा एक कोपरा झाला की दुसरा. पडद्याच्या कडा लाल झाल्या, हवा संपली, तो मेला. गेमने त्याला पुन्हा बोगद्याच्या तोंडाशी आणून ठेवलं. तो पुन्हा धावत भिंतीपाशी आला आणि पुन्हा मारू लागला.

"अगं, तो वाट शोधत नाहीये," रुचिरा हळूच म्हणाली.

मग मारणं थांबलं. रुचिराने पडद्यावरची नजर काढून काचेतून पाहिलं. निहारचे हात माउसवर नव्हतेच. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि त्याचे खांदे वरखाली होत होते.

टेस्ट चालू असताना आत जायचं नाही, बोलायचं नाही, मदत करायची नाही, हा तिथला पहिला नियम. नव्या माणसाला तो रुचिराच शिकवायची. ती उठली तेव्हा तिची खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली.

"मॅडम, रेकॉर्डिंग चालू आहे," अक्षता म्हणाली, पण तोवर रुचिरा आत पोचली होती. तिने आधी त्याच्या कानांवरचे हेडफोन काढले. त्यातून मीकाचा श्वास बारीक ऐकू येत होता.

"निहार, इकडे बघ. माझ्याकडे बघ. चल, बाहेर जाऊ या आपण."

जिन्याच्या मोठ्या खिडकीपाशी तिने त्याला पायरीवर बसवलं. खाली गोदामाच्या आवारात टेम्पोत खोकी चढवली जात होती. थोड्या वेळाने त्याचा श्वास जाग्यावर आला. त्याने बाहीने तोंड पुसलं.

"सॉरी हां मॅडम. टेस्ट खराब केली मी तुमची."

"काही खराब नाही झालं. पाणी पी."

"मला परत बोलावतील ना?"

"बोलावतील. तू आधी पाणी पी बघू."

तो प्यायला. मग बाटलीचं झाकण घट्ट लावत त्याने विचारलं, "मॅडम, त्याला बाहेर काढायची वाट कुठे होती? मला सापडलीच नाही."

रुचिराला वाटलं, काहीतरी दुसरंच बोलावं. पण तो तिच्याकडे इतक्या सरळ बघत होता की तिला खोटं बोलवेना.

"वाट नाहीये," ती म्हणाली. "तो तिथे मरतोच. काहीही केलं तरी."

"अच्छा," निहार म्हणाला. मग त्याने सांगितलं. घाटकोपरला त्यांची बिल्डिंग पडली तेव्हा तो शाळेत शिकत होता. परीक्षा जवळ आली होती म्हणून त्या दिवशी घरीच होता, आणि मोठा भाऊही. दोघांमध्ये एक स्लॅब आडवा आला. भाऊ दिसत नव्हता, पण बोलत होता. "बोलत होता, बोलत होता, मग नुसता श्वास घेत होता. मग मला काढलं बाहेर. मी त्यांना सांगत होतो, आधी त्याला काढा, तो पलीकडेच आहे. पण माझ्या बाजूने जागा होती ना. म्हणून मला काढलं."

रुचिरा त्याच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. जो श्वास त्याने ऐकला तो तिने आणि साउंडवाल्या श्यामसुंदरने मिळून कितीतरी वेळा नीट केला होता. अजून थोडा ओला कर, अजून थोडा तुटक कर, असं तीच म्हणाली होती.

सीपीने संध्याकाळी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्याचं नाव चंद्रप्रकाश, पण मुलुंडच्या शाळेपासून सगळे त्याला सीपीच म्हणत. स्टुडिओ त्याचा होता आणि गेल्या काही महिन्यांत त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. पडद्यावर निहारचा चेहरा होता. टेस्टरच्या समोरचा छोटा कॅमेरा सगळं टिपायचा.

"बघितलंस?"

"मी तिथेच होते, सीपी."

"नियम मोडलास, ते सोड. त्याबद्दल नाही बोलत मी. पण हे बघ ना यार." त्याने ती क्लिप पुन्हा चालवली. निहारचे ओठ हलत होते. तो काहीतरी पुटपुटत होता, हे रुचिराला आता दिसलं. "शुक्रवारी पब्लिशरसमोर मी स्लाइड काय दाखवू? एक माणूस आपला गेम खेळताना रडतोय. दुसरं काही दाखवायलाच नको."

"त्याचा भाऊ गेलाय तसा. बिल्डिंग पडून."

सीपीने क्लिप थांबवली. पण लॅपटॉप बंद केला नाही.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "वाईट झालं. खरंच वाईट झालं. पण त्याने सही केलीय, रुचिरा. रेकॉर्डिंग वापरायला परवानगी दिलीय. आणि नाव थोडंच सांगणार आहोत आपण?"

"ते बरोबर नाही."

"बरोबर काय आहे मग? गेल्या महिन्यात आर्टमधल्या पोरांना एकेकाला याच खुर्चीत बसवून सांगितलं मी, उद्यापासून येऊ नकोस. परत नाही जमणार मला ते. शुक्रवारी पब्लिशरने पैसे द्यायला नाही म्हटलं तर दिवे बंद करायचे आपण. तुझे पण, माझे पण." तो तिच्यावर ओरडत नव्हता. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

ती घरी पोचली तेव्हा रात्र झाली होती. जोगेश्वरी पूर्वेला, लेण्यांच्या वरच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा सुशांत विमानतळाच्या कार्गोत होता, त्याची दुपारपाळी होती. सासूबाई जानकी ओट्यापाशी कोलंबी सोलत बसल्या होत्या. देवगडकडच्या, पण लग्न झाल्यापासून मुंबईत. सासरे गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली.

"काय गो, तोंड असा कित्याक?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

रुचिराला एरवी ऑफिसातलं घरी सांगायची सवय नव्हती. त्या दिवशी तिने खाली फरशीवर बसून सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय, मीका कोण, निहारचं काय झालं, सीपी काय म्हणाला. नोकरीचंही सांगितलं. ते तिने सुशांतलाही अजून नीट सांगितलं नव्हतं.

जानकीबाईंनी हातातली कोलंबी खाली ठेवली. "त्येका इचारलंस?"

"कोणाला?"

"त्या पोराक. त्येचा दुख्ख, तुम्ही दोघां भांडतास. त्येका कोणी इचारल्यान काय?"

निहार घाटकोपर पश्चिमेला एका गेमिंग कॅफेत काउंटरवर बसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिरा मरोळहून मेट्रोने गेली. वाटभर ती वाक्यं जुळवत होती आणि पुसत होती. कॅफे पहिल्या मजल्यावर होतं, काळोखं, निळ्या दिव्यांचं, कॉलेजच्या पोरांनी भरलेलं. निहारने तिला पाहिलं आणि दुसऱ्याला काउंटर सांभाळायला सांगून तो खाली आला. चहाच्या टपरीपाशी उभं राहून तिने त्याला क्लिपबद्दल सांगितलं. काही लपवलं नाही. स्टुडिओ बंद पडू शकतो हेही सांगितलं, आणि सांगितल्यावर लगेच वाटलं की ते सांगायला नको होतं, कारण त्यामुळे निहार उगाच दबावाखाली येईल.

निहार चहाचा ग्लास हातात फिरवत राहिला.

"मी काही बोलत होतो का त्यात? तोंडातल्या तोंडात?"

"हो. पण ऐकू येत नाही."

"मग नको, मॅडम. आई आहे घरी. कुठून तरी फिरत फिरत तिच्या मोबाइलवर आलं तर तिला ओठ बघूनच कळेल मी काय म्हणत होतो ते."

"ठीक आहे," रुचिरा म्हणाली. "नाही वापरणार." हे आपण कोणत्या जोरावर म्हणतोय, ते तिला माहीत नव्हतं. मग तिने दुसरं विचारलं, जे तिला रात्रभर सतावत होतं. "तो बोगदाच काढून टाकू का गेममधून?"

निहारने मान हलवली. "काढू नका. तसं काही नाही." त्याने ग्लास खाली ठेवला. "पण मॅडम, तुमचा गेम मला तिथून ढकलत होता. हवा संपते, मरतो, परत पहिल्यापासून. मला काढता येत नाही, ठीक आहे, समजलं. पण थांबता तर आलं पाहिजे ना? मला खेचून काढलं त्या वेळी. इथे तर कोणी खेचत नाहीये. मग इथे का थांबू देत नाही?"

रुचिराने पुष्कळ माणसांची पुष्कळ मतं ऐकली होती. दिवा वाढवा, शत्रू कमी करा, दार मोठं करा. हे तिला कुणी म्हटलं नव्हतं.

ती परतली आणि अक्षताला बाजूला घेतलं. "सीपीला विचारलेलं नाही. तुला नको असेल तर तू यात पडू नकोस."

"काय करायचंय ते सांगा," अक्षता म्हणाली.

काम तसं छोटं होतं. त्या एका जागी हवा संपणं बंद केलं. भिंतीशेजारी खेळाडूला पाठ टेकून बसता येईल असं केलं. तो बसला तर त्याच्या दिव्याचा उजेड आपोआप मंद होतो, आणि मीका बोलायला लागतो. काय बोलतो, ते रुचिराने लिहिलं. निहारने तिला भावाच्या बोलण्यातलं थोडं सांगितलं होतं. त्यातला एकही शब्द तिने घेतला नाही. तिचा मीका त्याच्या गावच्या विहिरीबद्दल बोलतो, बहिणीच्या घोरण्याबद्दल बोलतो, आपण एकदा कसे बूट उलटे घालून कामावर गेलो ते सांगून हसतो. मग थकतो. मग थांबतो. त्याचं बक्षीस काही नाही. खेळाडूला ना गोळ्या मिळतात, ना गुण. तो कधीही उठून पुढे जाऊ शकतो. मीकाचा आवाज तात्पुरता श्यामसुंदरनेच दिला. "बहिणीचं वाचताना जरा सावकाश," रुचिरा म्हणाली, तर तो म्हणाला, "मला पण बहीण आहे, माहितीये."

शुक्रवारी सकाळी तिने सीपीला सगळं एका दमात सांगितलं. क्लिपला निहार नाही म्हणतोय. सही असली तरी मी ती दाखवू देणार नाही. दाखवायची असेल तर मी मीटिंगला नसेन. आणि बोगद्यात मी बदल केलाय.

सीपी तिच्याकडे बघतच राहिला. "आज? आज बदल केलास?"

"परवा. आज सांगतेय."

"दाखवू काय मग मी त्यांना? सांग ना, काय दाखवू?"

"मी खेळते. त्यांच्यासमोर."

त्याने दोन्ही तळव्यांनी चेहरा चोळला. बाहेर लोक जमायला लागले होते. "अडकलीस, काही बंद पडलं, तर मी तुला वाचवणार नाही," तो म्हणाला.

मोठ्या पडद्यावर पब्लिशरची माणसं होती. एक केस पिकलेली बाई आणि दोन पुरुष, त्यांच्याकडे सकाळ नुकतीच उजाडत होती. रुचिराने माउस धरला तर तो घामाने निसटत होता. सुरुवातीलाच तिचा नेम चुकला, यंत्राने तिला जखमी केलं, मागे कुणीतरी "अर्रे" म्हणालं. स्वतःच बनवलेल्या जागेत ती एका वळणावर चुकली. पण छत कोसळलं, ती भिंतीपाशी पोचली आणि तिने बसायचं बटण दाबलं.

दिवा मंदावला. श्यामसुंदरचा आवाज बोलू लागला, विहिरीबद्दल, बहिणीबद्दल. खोलीत कुणी हललं नाही. पलीकडचा एक पुरुष काहीतरी लिहीत होता, तो थांबला. रुचिराला आधी वाटलं, आता कुणीतरी म्हणेल पुढे चला. ती वाट बघत होती त्या शब्दांची. मग तिचं तिकडे लक्ष राहिलं नाही. भिंतीला पाठ टेकून ती ऐकत राहिली.

आवाज थांबल्यावर केस पिकलेल्या बाईने एवढंच विचारलं, "आता पुढे काय आहे?" आणि रुचिरा उठून पुढे गेली.

पब्लिशरने गेम घेतला. क्लिप सीपीने त्याच दिवशी पुसली. तसं त्याने रुचिराला सांगितलं नाही, अक्षताने सांगितलं. नंतर पब्लिशरकडून दुरुस्त्या आल्या तेव्हा त्यात होतं, बोगद्यातलं बसणं वेग मोडतं, काढावं. सीपीने कळवलं की ते काढायचं तर बाकीचं बरंच मोडेल. ते खरं नव्हतं. पण जागा बनवायला पब्लिशरकडे स्वतःची टीम होती, दुसऱ्या देशात, आणि इथे त्या कामाला एकच माणूस पुरणार होतं. उन्हाळ्याच्या आत सीपीने रुचिराला त्याच खुर्चीत बसवलं. त्याने बरंच काही बोलायची तयारी केली असावी, पण त्याला बोलताच येईना. शेवटी तीच म्हणाली, "कळलं मला. अक्षताला ठेवतोयस ना? बस मग."

आता ती मुलुंडच्या एका बिल्डरकडे काम करते. अजून न बांधलेल्या फ्लॅटमधून गिऱ्हाइकाला पडद्यावर फिरवून आणायचं. उजेड छान पडतो, खोल्या आहेत त्यापेक्षा मोठ्या दिसतात. कुणाला घाबरवायचं नसतं. निहारचा अधूनमधून फोन येतो. गेम बाजारात आल्यावर त्याने सांगितलं, "कॅफेत खेळतात पोरं. ती जागा आली की मी चहाला खाली जातो. अजून नाही जमत, मॅडम." ती म्हणाली, "जात जा."

एका रविवारी दुपारी सुशांतने तो गेम घरी लावला. रुचिरा आत भाजी चिरत होती. तिने मुद्दामच बाहेर जायचं टाळलं. सुशांतचा हात काही फार सराईत नव्हता, बाहेरून सारखं धडाम धडाम ऐकू येत होतं. जानकीबाई खाटेवर पाय दुमडून बसल्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं आणि इतक्या बंदुका कशाला, असं त्या मध्येमध्ये विचारत होत्या.

मग छत कोसळल्याचा आवाज आला, आणि सगळं शांत झालं. रुचिराचा सुरीवरचा हात थांबला. बाजारात आलेल्या गेममध्ये आवाज दुसऱ्याच कुणा नटाचा होता, पण शब्द तेच होते.

"इथे वाट आहे बघ उजवीकडे," सुशांत स्वतःशीच म्हणाला.

"थांब रे जरा," जानकीबाई म्हणाल्या. "तो बोलता हा ना."

"अगं आई, गेम आहे तो."

"असूंदे. काय म्हणता तो?"

सुशांतने क्षणभर ऐकलं. "गावाकडच्या विहिरीचं काहीतरी सांगतोय."

"मगे ऐक ना. असा अर्ध्यातसून कोण उठता?"

स्वयंपाकघराच्या दारातून रुचिराला दिसलं, सुशांतने हातातला गेमचा कंट्रोलर मांडीवर ठेवला. पडदा जवळजवळ काळा झाला होता. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. जानकीबाई पुढे वाकून बसल्या होत्या. आवाज बारीक होत चालला तशा त्या उठल्या, भिंत धरत धरत बटणांपाशी गेल्या आणि त्यांनी घरघरणारा पंखा बंद केला.